स्पिटफायर विमानाच्या मॉडेलला रंग कोणत्या कंपनीचा, तामिया की वायेहो?
१९४१ नंतरच्या स्पिटफायरचा (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) हिरवा-करडा कॅमफ्लाज एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन) फवारायला मी तामियाच घेतो: एक्सएफ-८१ हिरवा, एक्सएफ-८२ करडा, पोटाला एक्सएफ-८३. बाटलीतला रंग दाट असतो. तेवढाच थिनर घालून दुधासारखा पातळ केला की १५ पीएसआय हवेच्या दाबावर सुरेख फवारतो, आणि बाकीचा भाग झाकायला लावलेली टेप ओढली तरी सहसा निघत नाही. वास मात्र डोक्यात जातो. खिडकी उघडी हवी.

स्पॅनिश वायेहोचा ‘मॉडेल एअर’ रंग पाण्यावरचा, आधीच पातळ केलेला. वास जवळजवळ नाहीच (मास्क तरीही लावा). कॉकपिटच्या बारीक ब्रशकामाला झकास! पण प्रायमरशिवाय (रंगाआधी देायचा अस्तराचा थर) टेपबरोबर सोलून येतो, शिवाय एअरब्रशच्या सुईवर वाळतो. ओल्या कापसाच्या काडीने टोक सारखं पुसत राहावं लागतं. वायेहोत चुकूनही लॅकर थिनर घालू नका, एअरब्रशच्या कपात चिकट गोळा होतो.