जिवाणूंसाठी रामन की एफटीआयआर?

पवईच्या आयआयटीकडे किंवा कलिन्याच्या मुंबई विद्यापीठाकडे पोस्टडॉकला (पीएचडीनंतरच्या संशोधनाला) निघालेले विचारतात, जिवाणू तपासायला कोणतं यंत्र? दोन्ही रेणूंची कंपनं वाचतात: एफटीआयआर नमुन्याने शोषलेल्या अवरक्त प्रकाशावरून, रामन नमुन्यावरून विखुरलेल्या लेझरवरून. मी आधी पाण्याचं विचारतो. एफटीआयआरमध्ये पाण्याचा शोषणपट्टा १६४० सेंमी⁻¹च्या (वर्णपटातली जागा सांगणारं एकक) आसपास येतो आणि प्रथिनांची मुख्य खूण असलेला अमाइड-१ पट्टा नेमका त्याखाली झाकला जातो. म्हणून नमुना वाळवायचा. त्यात मुंबईचा जुलै! नमुना ज्यात मिसळून दाबतात ती पोटॅशियम ब्रोमाइडची चकती बघता बघता ओलावते. डेसिकेटरवर (नमुने कोरडे ठेवणाऱ्या बंद भांड्यावर) जीव लावायला माणूस इथेच शिकतो. तरी वसाहती वाढवलेल्या असतील तर काही मिनिटांत वर्णपट हातात. प्रजातींची नुसती छाननी करायची तर हेच घ्या.

रामनला पाण्याचं वावडं नाही. ओली, जिवंत, एकटी पेशी मायक्रोस्कोपखाली धरता येते. जड पाणी (हायड्रोजनऐवजी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम असलेलं) मिसळलेल्या माध्यमात पेशीचा चयापचय चालू असेल, तर २०४० ते २३०० सेंमी⁻¹ दरम्यान कार्बन-ड्युटेरियमचा उंचवटा उठतो; सुस्त पेशीत जवळजवळ नाहीच. प्रतिजैविकानंतर कोण तगलं, ते असं कळतं. एफटीआयआर असंख्य पेशींची सरासरी देतो, त्यात हा एकटा जीव हरवतो. माझा कल अर्थातच इकडे.

पण रामनचा संकेत फार क्षीण, आणि रंगद्रव्यवाला जिवाणू आला की फ्लुरोसन्स (लेझर पडल्यावर नमुन्यातून निघणारी स्वतःची चमक) सगळं गिळतो. मग हिरवा लेझर सोडून ७८५ नॅनोमीटरच्या, अवरक्ताजवळच्या लेझरवर जायचं; त्याने ही चमक कमी उठते.