कॅमेरा शेवटी पाहा: गॅलेक्सी, आयफोन आणि पिक्सेलमधून निवडताना

नवा महागडा फोन घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी फोटोंचे नमुने शेजारी शेजारी ठेवून बसतात. माझं म्हणणं आहे, उलट्या क्रमाने जा. आधी सॉफ्टवेअर, मग फोन हातात कसा बसतो ते आणि कॅमेरा शेवटी. सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा, ॲपलचा आयफोन १७ प्रो मॅक्स आणि गूगलचा पिक्सेल १० प्रो एक्सएल हे तिन्ही २०२५ मधले फोन. चांगल्या उजेडात तिन्ही इतके छान फोटो काढतात की महिन्याभराने कुठला फोटो कुठल्या फोनचा हे सांगता येत नाही. पण ‘मागे’ जायला बोट कुठून सरकवायचं, नोटिफिकेशन कुठे सापडतं, घड्याळ याच फोनला जोडलं जाईल का, हे रोज आणि वर्षानुवर्षं सोबत राहणारं आहे.

सॉफ्टवेअरचा धडा मला एका जुन्या फोनने शिकवला. फोन ठणठणीत होता, बॅटरीही बरी होती, पण दोन वर्षांत त्याचे अपडेट थांबले. पुढे एकेक ॲप ‘या फोनवर चालणार नाही’ म्हणू लागलं आणि चांगला फोन कपाटात गेला. तेव्हापासून मी आधी हेच बघते. सॅमसंग आणि गूगल या दोघांनी या फोनना सात वर्षं अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या आणि सुरक्षा अपडेट द्यायचं जाहीर केलं आहे, म्हणजे दोन्ही २०३२ पर्यंत जातात. ॲपल असा सात वर्षांचा आकडा आधी जाहीर करत नाही, पण कंपनीची सवय आपल्याला ठाऊक आहे. २०१८ मधल्या आयफोन एक्सएसला २०२४ मध्ये आलेलं आयओएस १८ हे आयफोनचं सॉफ्टवेअर मिळालं होतं. म्हणून आयुष्याच्या बाबतीत तिघांत मी फारसा फरक करणार नाही.

फरक आहे तो अपडेट हातात कधी पडतो यात. अँड्रॉइड १६ पिक्सेलवर जून २०२५ मध्येच आलं. तेच गॅलेक्सी एस२५ अल्ट्रावर वन यूआय ८ च्या रूपात पोहोचायला सप्टेंबर उजाडला. सॅमसंग अँड्रॉइडवर स्वतःचं बरंच काम चढवतं, त्यात हे महिने जातात. नवं काही आलं की लगेच हवं असं वाटणाऱ्याने पिक्सेल घ्यावा. मला स्वतःला तीन महिने थांबण्यात अडचण वाटत नाही, कारण त्या बदल्यात सॅमसंग देतं ते मला मोलाचं वाटतं. गुड लॉक नावाचं त्यांचं ॲप घेतलं की लॉक स्क्रीनपासून आवाजाच्या पट्टीपर्यंत जवळजवळ सगळं मनासारखं करता येतं. डेक्स नावाच्या सोयीमुळे फोन मोठ्या पडद्याला जोडून संगणकासारख्या खिडक्या उघडून काम करता येतं. किंमत मोजावी लागते ती गर्दीची. ब्राउझर दोन, गॅलरी दोन, सेटिंग्जमध्ये आत आत जाणारे रस्ते. पहिला रविवार नको ती ॲप काढण्यात जातो.

पिक्सेल याच्या नेमका उलट. घेतला, चालू केला, वापरायला लागलो. अनोळखी नंबर आला तर फोनच पलीकडच्याला काम विचारतो, अशा सोयी त्यात मुरलेल्या आहेत. मात्र अशा कित्येक सोयी ठरावीक देशांत आणि ठरावीक भाषांतच चालतात. जाहिरातीतलं एखादं वैशिष्ट्य पाहून पिक्सेल घेत असाल, तर ते तुमच्याकडे चालतं का, हे पैसे देण्याआधी गूगलच्याच मदत पानावर तपासा.

आयफोनवर आता आयओएस २६ आहे, त्याचं काचेसारखं पारदर्शक रूप सगळ्यांना रुचलेलं नाही. मागच्या चित्रावरची अक्षरं कधी कधी वाचायला त्रास होतो. पण सेटिंग्जमध्ये पारदर्शकता कमी करता येते, तेवढ्यासाठी आयफोन नाकारू नका. मला जास्त महत्त्वाची वाटते ती ‘मागे’ जाण्याची खूण. अँड्रॉइडवर डाव्या किंवा उजव्या, कुठल्याही कडेवरून बोट आत सरकवलं की मागे जाता येतं. आयफोनवर ती खूण मुळात डाव्या कडेची. नव्या आवृत्तीत पुष्कळ ॲपमध्ये पानाच्या मधूनही सरकवता येतं, पण सगळीकडे नाही. साडेसहा इंचांहून मोठा फोन उजव्या हातात धरून अंगठा डाव्या कडेला न्यायचा म्हणजे काय, हे पाच मिनिटं करून बघा. फोन तळहातात तिरका करावा लागतो, करंगळी खालून आधार देते आणि नेमका तेव्हाच तो निसटतो. अँड्रॉइडवरून येणाऱ्या माणसाला पहिले पंधरा दिवस हेच सगळ्यात जास्त खटकतं.

आणखी एक गाठ आधीच तपासावी. ॲपल वॉच फक्त आयफोनला जोडता येतं. सॅमसंग आणि गूगलची नवी घड्याळं फक्त अँड्रॉइडला. मनगटावर यांपैकी काही असेल, तर फोनचा अर्धा निर्णय तिथेच झालेला आहे. घरातल्या बाकीच्यांकडे आयफोन असणं मात्र पूर्वीइतकं अडचणीचं राहिलेलं नाही. २०२४ पासून आयफोनला आरसीएस संदेश (अँड्रॉइडवर चालणारे, एसएमएसच्या पुढचे संदेश) कळतात आणि नोव्हेंबर २०२५ पासून पिक्सेल १० वरून थेट आयफोनच्या एअरड्रॉपवर, म्हणजे जवळच्या फोनला फाइल देण्याच्या ॲपलच्या सोयीवर, फोटो पाठवता येतात. त्यासाठी समोरच्याने एअरड्रॉप दहा मिनिटांपुरतं सगळ्यांसाठी खुलं करायचं असतं.

आता हाताकडे. तिन्ही मोठे आणि जड आहेत, हे आधी मान्य करू. पण गॅलेक्सी २१८ ग्रॅमचा आणि ८.२ मिलिमीटर जाडीचा, तर बाकीचे दोघे २३० ग्रॅमच्या पुढे. आकडा लहान वाटतो. रात्री पडल्या पडल्या छातीवर फोन टेकवून अर्धा तास वाचलं की तो करंगळीला कळतो. गॅलेक्सीच्या टोकदार कोपऱ्यांना या पिढीत थोडी गोलाई मिळाली, त्यामुळे तळहाताला पूर्वीसारखं टोचत नाही. त्याची चौकट टायटॅनियमची. ॲपलने मात्र दोन वर्षं टायटॅनियम वापरून आयफोन १७ प्रोला ॲल्युमिनियम लावलं. कारण साधं आहे: ॲल्युमिनियम उष्णता भराभर बाहेर नेतं. सोबत आत उष्णता पसरवणारा बाष्पकक्षही (व्हेपर चेंबर) बसवला आहे. लांबलचक व्हिडिओ काढणाऱ्याला किंवा तासभर खेळणाऱ्याला हा बदल फायद्याचा आहे. मात्र ॲल्युमिनियमवरचा रंग धारदार कडेला घासला की आतला धातू दिसू लागतो, म्हणून कव्हर लावा. पिक्सेलची चौकटही ॲल्युमिनियमची. त्याचा कॅमेऱ्याचा पट्टा पाठीवर आडवा असल्याने टेबलावर ठेवून टाइप करताना फोन डुगडुगत नाही. गॅलेक्सीच्या भिंगांची उतरंड एका बाजूला आहे, तो हलतो. तुम्ही टेबलावर फोन ठेवून उत्तरं टाइप करणारे असाल तर ही लहान बाब नाही.

स्क्रीनमध्ये मी निःशंक गॅलेक्सीच्या बाजूने आहे. तिघांच्याही पडद्यांचे रंग आणि प्रकाश उत्तम, पण गॅलेक्सीच्या काचेवर प्रतिबिंब फार कमी पडतं. खिडकीकडे पाठ करून बसा आणि काळ्या पार्श्वभूमीचं पान उघडा. एरवी अशा पानावर आधी आपलाच चेहरा दिसतो, इथे अक्षरं दिसतात. ॲपलनेही या पिढीत परावर्तन कमी करणारा थर दिला आहे, तरी गॅलेक्सी पुढे आहे. दिवसभर वाचणाऱ्याने एवढ्या एका गोष्टीसाठी तो घेतला तरी मी चूक म्हणणार नाही. गॅलेक्सी त्याच्यासोबत येणाऱ्या एस पेनसाठी घेणार असाल तर मात्र जाणून घ्या की या पिढीत त्यातलं ब्लूटूथ काढलं आहे. लिहिणं, खुणा करणं, सही करणं सगळं होतं, पण फोन लांब ठेवून पेनचं बटण दाबून फोटो काढणं आता होत नाही.

फोन उघडण्यासाठी गॅलेक्सी आणि पिक्सेलच्या पडद्याखाली बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर आहे, आयफोनवर फक्त चेहरा. टेबलावर पडलेला फोन न उचलता उघडायची सवय असेल तर हे लक्षात ठेवा.

वेगाबद्दल थोडक्यात. जड खेळांत आयफोनची ए१९ प्रो आणि गॅलेक्सीची स्नॅपड्रॅगन ८ एलिट या चिप पिक्सेलच्या टेन्सर जी५ च्या पुढे आहेत. बाकी रोजच्या कामात फरक जाणवत नाही.

चार्जिंगच्या वॅटच्या आकड्यांत फार अडकू नका, तिघांनाही अर्ध्या तासात निम्म्याहून जास्त बॅटरी भरता येते. चुंबकाचं मात्र बघा. आयफोन आणि पिक्सेलमध्ये वायरलेस चार्जिंगसाठी चुंबक आतच आहेत, गॅलेक्सीला चुंबकवालं कव्हर घ्यावं लागतं. पिक्सेलची आणखी एक गोष्ट पाच-सात वर्षं फोन वापरणाऱ्याने वाचावीच: २०० चार्जिंग चक्रांनंतर (पूर्ण बॅटरीइतका वापर झाला की एक चक्र) तो बॅटरीचा कमाल व्होल्टेज टप्प्याटप्प्याने कमी करत जातो आणि हे बंद करता येत नाही. बॅटरी जपण्यासाठीच ते आहे, पण ती दर वर्षी थोडी कमी पुरते. ८० टक्क्यांना थांबण्याची मर्यादा मात्र तिन्ही फोनवर आपण आपल्या हाताने लावतो. निर्णय आपल्याकडे असणं मला जास्त पटतं.

आणि आता कॅमेरा. व्हिडिओ हे तुमचं काम असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, आयफोन घ्या. आवाज, रंगांचं सातत्य आणि एका भिंगावरून दुसऱ्यावर जाताना न बसणारा धक्का यांत तो पुढे आहे. त्याच्या पुढच्या कॅमेऱ्याचा सेन्सर चौकोनी असल्याने फोन उभा धरूनही आडवा सेल्फी निघतो, त्यामुळे सगळ्यांना मावून घेताना हात वाकडा करावा लागत नाही. दूरचं टिपायचं असेल तर गॅलेक्सीकडे ३ आणि ५ पटींची दोन वेगळी भिंगं आहेत. पिक्सेल ३० ते १०० पट झूमला जनरेटिव्ह एआय वापरून तपशील भरतो. डोंगरावरचं देऊळ त्यात देखणं दिसतं, पण दूरच्या पाटीवरची अक्षरं वाचायची असतील तर त्यावर विसंबू नका, कारण तिथे काही भाग फोनने अंदाजाने रंगवलेला असतो. धावत्या मुलाचा फोटो हवा असेल तर मी आयफोन किंवा पिक्सेल हातात घेईन. गॅलेक्सी असेल तर सॅमसंगच्या ‘कॅमेरा असिस्टंट’ या ॲपमध्ये जाऊन बटणाला बोट टेकताक्षणी फोटो निघण्याची सोय आधी चालू करा. मूळ सेटिंगमध्ये बोट उचललं की फोटो निघतो आणि तेवढ्यात हसू निघून जातं.

एका बाजूचं सोडून दुसरीकडे जाणार असाल तर शेवटची तयारी व्हॉट्सॲपची. अँड्रॉइडवरून आयफोनवर जुन्या गप्पा ॲपलच्या ‘मूव्ह टू आयओएस’ या ॲपने जातात, पण त्यासाठी आयफोन नवा किंवा पुसून कोरा केलेला लागतो. उलट दिशेने जाताना दोन्ही फोन केबलने जोडून, नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच ते करायचं असतं. दुकानातल्या माणसाने घाईघाईत फोन चालू करून हातात दिला, तर हे सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून खोका बंदच घरी आणा आणि सगळ्या गप्पा नव्या फोनवर दिसेपर्यंत जुना फोन विकू नका.