ओट्यामागच्या चिकटवायच्या टाइल्स : फसवणुकीचा एक अनुभव

भाड्याच्या घरात ओट्यामागचा जुना डाडो (भिंतीवरचा टाइल्सचा पट्टा) फोडून नवा बसवता येत नाही. नेमकी हीच अडचण हेरून, मागचा कागद सोलून थेट भिंतीवर चिकटवायच्या टाइल्स सध्या समाजमाध्यमांवर जोरात विकल्या जात आहेत. त्या खरेदीत आमची फसवणूक झाली. त्यांच्या जाहिरातीची तीच चित्रफीत अजूनही निरनिराळ्या दुकानांच्या नावाने फिरताना दिसते, म्हणून घडले ते तपशिलाने लिहीत आहे.

जाहिरातीत टाइलवर लायटरची ज्योत धरली जाते, नंतर फडक्याने पुसल्यावर टाइल जशीच्या तशी दिसते. ‘इपॉक्सी जेल, उष्णतारोधक, ३० बाय ३० सेंटिमीटर, १० नगांत १० चौरस फूट’ असा दावा खाली स्पष्ट लिहिलेला होता. आगाऊ पैसे भरल्यास बरीच सवलत होती, त्यामुळे आम्ही यूपीआयने पूर्ण रक्कम भरली.

प्रत्यक्षात आलेला प्रत्येक नग २० बाय २० सेंटिमीटरचा होता. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण १० नगांचे क्षेत्रफळ त्यामुळे जेमतेम सव्वाचार चौरस फूट भरते, म्हणजे कबूल केलेल्याच्या निम्मेही नाही. आम्ही मोजपट्टीसह छायाचित्रे लगेच पाठवली. पलीकडून अत्यंत अदबीने उत्तर आले : “ताई, आलेले नग भिंतीवर लावून फोटो पाठवा, किती जागा उरते ते पाहून बाकीचे नग विनामूल्य पाठवतो.” त्याप्रमाणे नग लावून फोटो पाठवल्यावर दुसरे उत्तर आले, की वापरलेला माल परत घेतला जात नाही आणि तक्रार बंद करण्यात आली आहे. मापातली खोट त्यांना ठाऊकच होती. माल आमच्याच हातून भिंतीला चिकटवून घेणे आणि परतीचा मार्ग बंद करणे, हा या व्यवहाराचा खरा गाभा आहे, आणि मला सर्वांत जास्त चीड याचीच आहे.

दुसरी फसवणूक शेगडी पेटल्यावर उघड झाली. कुकरच्या बर्नरमागच्या दोन नगांच्या कडा तपकिरी होऊन आत वळल्या आणि जळक्या प्लास्टिकचा वास सासूबाईंना सर्वांत आधी आला. काढलेला नग कापून पाहिला तेव्हा आत जेल नव्हतेच; छापील चकचकीत पापुद्र्याखाली पांढरा फोम होता, नख दाबले की खळगा पडणारा. असा फोम उष्णतेने वितळतो आणि पेटूही शकतो, त्यामुळे तो ‘उष्णतारोधक’ म्हणून गॅसमागे लावण्यासाठी विकणे ही केवळ पैशांची लुबाडणूक नाही, घरातल्या माणसांच्या जिवाशी केलेला खेळ आहे. नग ओढून काढताना भिंतीचा रंग पुट्टीसकट निघाला, आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च घरमालक अनामत रकमेतून वळता करणार आहेत.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेला माल परत घेण्यास किंवा त्याचे पैसे देण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. ‘वापरलेला माल परत नाही’ असे उत्तर त्यामुळे टिकणारे नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली आहे. मालाची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आमच्या बाबतीत घोडे अडले आहे ते पत्त्यापाशी, कारण खोक्यावर ना उत्पादकाचे नाव होते, ना आयातदाराचे, आणि संकेतस्थळावर केवळ एक मोबाइल क्रमांक होता. वेष्टनबंद मालावर नाव, पत्ता, नगसंख्या आणि कमाल किरकोळ किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून विक्रेत्याचा पूर्ण पत्ता संकेतस्थळावर नसेल तर तिथे आगाऊ पैसे भरू नयेत, खोके उघडताना सलग चित्रीकरण करावे, आणि विक्रेता कितीही गोड बोलला तरी माप व माल यांचा वाद मिटेपर्यंत एकाही नगाचा मागचा कागद सोलू नये.

ज्यांनी असा फोम आधीच लावला आहे त्यांनी निदान शेगडीमागचे नग तरी आजच काढावेत. गॅस बंद असताना केस वाळवण्याच्या यंत्राने कडेला हलकी ऊब दिली की गोंद सैल होतो आणि नग सावकाश सोलता येतो. भिंतीवर उरलेला चिकटपणा खोबरेल तेलाच्या बोळ्याने निघतो. त्यासाठी रॉकेल किंवा थिनर स्वयंपाकघरात आणू नये.