कॅबमध्ये ‘जर्मन फोम’ बसवून घ्यायच्या आधी हे वाचा

गिटारच्या स्पीकर कॅबला, म्हणजे स्पीकर बसवलेल्या लाकडी खोक्याला, आतून फोम लावला की आवाज सुधारतो, हे खोटं नाही. खोटं नाही म्हणूनच त्यावर लोकांना गंडवता येतं. आपल्या गोव्यातल्याच एका दुकानदारानं या कामाचे माझ्याकडून १४,५०० रुपये घेतले आणि वर एक स्पीकरही लंपास केला. प्रकरण ग्राहक आयोगाकडे गेलंय, म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सविस्तर लिहितो. किनाऱ्याकडे हे काम करणारे आता बरेच झालेत.

माझी कॅब मागून बंद, १८ मिमी प्लायवूडची, दोन बारा इंची स्पीकरची. आत सेलेशन कंपनीचे ‘व्हिंटेज ३०’ मॉडेलचे दोन स्पीकर, दोन्ही १६ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप), पॅरललमध्ये, म्हणजे शेजारी-शेजारी जोडलेले, म्हणून एकूण ८ ओहम. फोंडा, साखळी, डिचोली या पट्ट्यातली लग्नं, चतुर्थीतले कार्यक्रम आणि पाऊस सरला की जत्रांचा मोसम, एवढं तिचं जग. तक्रार एकच होती. लहान हॉलमध्ये मधल्या पट्टीत आवाज जरा कोंडल्यासारखा, डब्यातून आल्यासारखा वाटायचा.

ही तक्रार खरी असते, आणि तिचं कारणही साधं आहे. खोक्याच्या समोरासमोरच्या फळ्यांमध्ये आवाज ये-जा करतो आणि अंतराच्या हिशेबानं ठरावीक सूर फुगवतो. माझ्या कॅबची आतली रुंदी ६८ सेंटीमीटर, तिथे साधारण २५० हर्ट्झ. उंची ४६ सेंटीमीटर, तिथे ३७०. खोली २५ सेंटीमीटर, तिथे ६८०. शिवाय स्पीकरच्या पाठीमागून निघालेला आवाज मागच्या फळीवर आपटून दीड मिलिसेकंदात परत येतो आणि स्पीकरच्या पुढच्या कागदी पडद्यातून, म्हणजे कोनातून, आरपार बाहेर पडतो. कोंडलेपणा येतो तो बराचसा इथून. मागच्या फळीवर आणि एखाद्या बाजूवर आवाज शोषणारा जाड थर लावला की तो कमी होतो. हाय-फाय स्पीकरमध्ये हे सर्रास करतात. गिटारच्या कॅब बहुतेक वेळा आतून कोऱ्याच ठेवतात, कारण लाकडाचा थोडा हट्टीपणा गिटारला हवाच असतो. फार भरलं तर आवाज मरतो.

आता दुकानातला प्रकार. कॅब तपासायला म्हणून आत नेली, मला बाहेर बसवून चहा पाजला. थोड्या वेळानं बोलावलं आणि माझाच अँप (अँप्लिफायर) लावून वाजवून दाखवलं. आवाज अगदी पोकळ. बास जवळजवळ नाहीच, कॉर्ड (एकदम छेडलेले तीन-चार सूर) मारली तर ती कुठून येतेय तेही कळेना. म्हटलं, माझी कॅब इतकी वाईट कधीच वाजली नाही. दुकानदार म्हणाला, “बाब, स्टेजवर बाकीच्या वाद्यांत हें कळना. बंद खोलींत खरें रूप दिसता. चिंता करूं नाका, ट्रीटमेंट केली की बघ.” मी फोनवर व्हिडिओ घेत होतो, त्याला हरकत नव्हती. उलट “आधीचा आणि नंतरचा दोन्ही घे” म्हणाला. आत्मविश्वास केवढा!

मग त्या ‘जर्मन फोम’चा नमुना दाखवला. करड्या फेल्टचा जाड तुकडा, पुठ्ठ्याच्या खोक्यावर जर्मन अक्षरं. आमच्याकडे कुठल्याही वस्तूला जर्मन म्हटलं की भाव करायची सोय राहत नाही. काम झाल्यावर पुन्हा वाजवून दाखवलं आणि फरक खरोखर दिवस-रात्रीचा होता. बास भरून आला, आवाज समोर आला. मागच्या फळीच्या स्क्रूंवर त्यानं चंदेरी स्टिकर चिकटवले: उघडल्यास पाच वर्षांची वॉरंटी रद्द. पावतीवर वर ‘एस्टिमेट’ छापलेलं, खाली एकच ओळ, ‘अकौस्टिक ट्रीटमेंट, १ नग’. जीएसटी क्रमांक नाही. पैसे यूपीआयनं गेले ते दुकानाच्या नावावर नाही, कुणा व्यक्तीच्या नावावर.

कार्यक्रम होत राहिले. आमचा साउंडवाला नेहमी डाव्या स्पीकरसमोर माईक लावतो. एका कार्यक्रमाला स्टेजवर जागा अडचणीची होती म्हणून त्यानं तो उजव्यासमोर लावला. साउंडचेकमध्ये दोन-तीनदा गेन खालीवर केला, मग उठून जवळ आला आणि विचारलं, “दादा, हो स्पीकर खंयचो?” मी म्हटलं, दोन्ही एकच आहेत. तो म्हणाला, “एकच नात.” म्हणजे एकच नाहीत. माईक डावीकडे नेला, नेहमीचा आवाज. उजवीकडे आणला, पत्र्याच्या भोंग्यासारखा कर्कश. त्या माणसाच्या कानांवर माझा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

घरी येऊन स्टिकर फाडले आणि मागची फळी काढली. पहिल्यांदा आला तो कुबट वास. पावसाळ्यातली दमट हवा पांढऱ्या सुतारी गोंदाला लागलेली, फेल्ट वरून सुटून पडद्यासारखं लोंबत होतं आणि त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडले होते. फेल्ट होतं कापडाइतकं पातळ. त्याच्या मागे जाडी आणायला टीव्हीच्या खोक्यातून निघतो तो पांढरा पॅकिंगचा फोम. एका तुकड्याला टीव्हीचा कोपरा बसतो ती खाच जशीच्या तशी होती, ती झाकायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते. हा फोम बंद छिद्रांचा असतो, त्यातून हवा जात नाही, म्हणून तो आवाज शोषत नाही. ओठाला लावून फुंकर मारा: हवा पलीकडे गेली तर तो फोम कामाचा, गाल फुगून राहिले तर पॅकिंगचा. थर्माकोलचंही तेच.

उजवा स्पीकर माझा नव्हताच. लेबल खरवडलेलं, चुंबक व्हिंटेज ३० च्या मानानं चिमुकलं, फ्रेमला ताजा काळा रंग. मागे ८ ओहम लिहिलेलं. म्हणजे १६ आणि ८ पॅरललमध्ये, एकूण साधारण सव्वापाच ओहम, आणि माझा व्हॉल्व्हचा (जुन्या काचेच्या नळ्यांचा) अँप मात्र ८ ओहमच्या जागेवर लावलेला. अशा जोडणीत ८ ओहमचा स्पीकर १६ वाल्याच्या दुप्पट पॉवर खातो. थोडक्यात, इतके कार्यक्रम माझ्या अँपची दोन तृतीयांश ताकद त्या भंगारातून बाहेर पडत होती आणि व्हॉल्व्हवर नको तो ताण येत होता.

पण एक कोडं उरलं होतं. पॅकिंगच्या फोमनं काहीच होत नाही, तर दुकानात तो दिवस-रात्रीचा फरक आला कुठून? शिवाय बास वाढला कसा? गिटारची जाडी तार मोकळी छेडली तर साधारण ८२ हर्ट्झ. त्या सुराच्या लाटेची लांबी चार मीटरच्या वर. इंचभर थर, जर्मन असो नाहीतर झुआरीनगरचा, तिला शिवतही नाही. अस्तरानं फरक पडतो तो मधल्या आणि वरच्या पट्टीत.

व्हिडिओ पुन्हा लावून पाहिले. पहिली गोष्ट, ‘नंतरच्या’ व्हिडिओत अँपचं व्हॉल्यूमचं बटण दोन आकडे पुढे आहे. जोरात वाजलं की कानाला चांगलंच वाटतं, ही विक्रेत्यांची जुनी युक्ती. दुसरी गोष्ट सुचली साउंडवाल्याला. त्यानं एका स्पीकरच्या पाकळ्यांवरच्या, म्हणजे वायर जोडायच्या पट्ट्यांवरच्या, दोन क्लिपा काढून उलट बसवल्या, लालची काळ्यावर, काळ्याची लालवर. मी कॉर्ड मारली. तोच पोकळ, हरवलेला आवाज, हुबेहूब दुकानातला ‘आधीचा’. दोन स्पीकर एकमेकांच्या उलट हलू लागले की एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि बास जागच्या जागी मरतो. मला बाहेर चहा पाजत होते तेव्हा आत एवढंच झालं होतं. ‘ट्रीटमेंट’ म्हणजे क्लिपा परत सरळ करणं.

ही सगळी लबाडी शक्य होते ती एकाच गोष्टीमुळे: फळी तुमच्या नजरेआड उघडली जाते आणि मग तिच्यावर सील लागतं. समोर उघडायला जो तयार नाही त्याच्याकडे कॅब ठेवू नका. ठेवायचीच वेळ आली तर दोन्ही स्पीकरच्या मागच्या लेबलांचे फोटो काढा आणि पावतीवर मॉडेल, ओहम, असतील ते नंबर लिहून घ्या. माझ्याकडे कॅब घेतली तेव्हाचे फोटो होते, म्हणून पुढचं बोलणं तरी करता आलं.

सील न फाडताही दोन गोष्टी तपासता येतात. कॅबला स्पीकर केबल लावा आणि तिच्या दुसऱ्या टोकाच्या जॅकवर, टोक आणि दांडा यांमध्ये, मल्टिमीटर धरा. मीटर नेहमी लिहिलेल्या ओहमपेक्षा थोडं कमी दाखवतं. १६ चा स्पीकर साधारण १२-१३, म्हणून १६ चे दोन पॅरललमध्ये सव्वासहाच्या आसपास. माझी कॅब सव्वाचारच्या जवळ दाखवत होती. देण्याआधी आकडा लिहून ठेवा, घेताना त्यांच्यासमोर पुन्हा मोजा. दुसरं, त्याच जॅकला ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवा आणि जाळीतून टॉर्च मारून बघा. दोन्ही कोन एकाच दिशेनं हलले पाहिजेत. एक बाहेर, एक आत गेला तर वायर उलटी आहे आणि ‘ट्रीटमेंट’ची तयारी झालेली आहे.

दुकानदाराकडे गेलो तेव्हा आधी “असाच होता” झालं. फोटो दाखवल्यावर “पोरानं चुकून बदलला असेल” झालं. तो पोर तिथेच उभा होता, त्यानं मान खाली घातली, त्याला मी काही बोललो नाही. मग ३,००० रुपये घ्या आणि विषय मिटवा. मी घेतले नाहीत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, दुकानदारानं दाद दिली नाही, मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते. एस्टिमेटचा कागद, यूपीआयची नोंद, दोन्ही व्हिडिओ आणि त्या खाचेच्या फोमचा फोटो जोडलाय.

कॅबचं काम मग घरीच केलं. गादीवाल्याकडून पॉलिस्टरचं वॅडिंग (कापसासारखा भराव) आणलं, पाचशे रुपयांच्या आत भागलं. साधारण दोन इंचाचा थर मागच्या फळीवर, एक वरच्या आणि एक डाव्या बाजूला, समोरासमोरच्या जोडीतली एकच बाजू, स्टेपल गननं ठोकून. गोंद नाही. आपल्याकडच्या पावसात कापूस ओल धरतो, पॉलिस्टर फारशी धरत नाही. उघडी ग्लासवूल मी तरी स्पीकरच्या जवळ लावणार नाही, तंतू सुटतात, अंगाला खाजतात आणि कॉइलच्या फटीत जातात. अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात असतील तर व्हॉल्व्हच्या आसपास काहीही लावू नका, तिथे चटका बसेल इतकी उष्णता असते. आणि कॅब मागून उघडी असेल तर हा खटाटोप जवळपास फुकट आहे, तिथे आवाज कोंडायला खोकंच पुरतं बंद नसतं. त्या दुकानात उघड्या कॅबलाही हीच ट्रीटमेंट विकतात, दरही तोच.

फरक पडला? पडला, थोडा. कोंडलेपणा गेला, बास होता तेवढाच राहिला. उजवीकडे सध्या मित्राचा उसना १६ ओहमचा स्पीकर आहे, आणि साउंडवाला माईक डावीकडेच लावतो.