जळगावच्या उन्हात नेक्सॉन ईव्ही: दोन उन्हाळ्यांनंतर बॅटरी कशी आहे?

धुळे रोडला चार्जरवर थांबलं की कोणीतरी विचारतंच, "एक चार्जमा कितली चालस?" मला विचाराल तर चार वर्षांनी किती चालेल, हे आधी विचारायला हवं.

माझी गाडी टाटाची जुनी, ३०.२ किलोवॅट-तास बॅटरीवाली इलेक्ट्रिक नेक्सॉन. डॅशबोर्डवरच्या रेंजवर मी विसंबत नाही. तो आकडा आदल्या दिवशीच्या एसीवर आणि उजव्या पायावर ठरतो. पोर्चमध्ये चार्जिंगला वेगळा सबमीटर लावलाय. ठरावीक टक्क्यांपासून फुल व्हायला किती युनिट लागतात, ते वहीत लिहितो आणि मेची तुलना मेशीच करतो. बॅटरीच्या क्षमतेत घट आहे, पण जाणवण्याइतकी नाही.

भुसावळच्या साडूंची गाडी दुसऱ्या कंपनीची. ऊन तेच, पण त्यांची घट स्पष्ट दिसते. माझ्या गाडीत एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) सेल आहेत, त्यांच्या गाडीत एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट). एनएमसी वजनाला हलके, पण तापलेल्या अवस्थेत शंभर टक्के भरून उभे ठेवले की लवकर झिजतात. साडू रोज रात्री फुल करतात, दिवसभर गाडी पत्र्याच्या शेडखाली. एलएफपीलाही ऊन बाधतंच, पण चार्जिंगच्या फेऱ्या तो जास्त झेलतो. मात्र त्याला अधूनमधून फुल करावंच लागतं, नाहीतर टक्क्यांचा अंदाज भरकटतो.

सेलइतकंच कूलिंगही महत्त्वाचं. भर दुपारी फास्ट चार्जिंगला लावली की माझ्या बॉनेटखाली पंखा घोंघावायला लागतो. बॅटरीभोवतीचं कूलंट थंड करायचं काम चालू असतं. निसान लीफमध्ये ही सोयच नव्हती. २०१२ मध्ये अमेरिकेत फिनिक्सच्या उन्हाळ्यात लीफवाल्यांच्या डॅशबोर्डवरच्या क्षमतेच्या कांड्या भराभर गळल्या. फिनिक्सचं ऊन म्हणजे आपल्या भुसावळचंच की!

आणखी एक गोम आहे. काही कंपन्या बॅटरीचा थोडा भाग राखीव ठेवतात, ग्राहकाला वापरू देत नाहीत. सुरुवातीची घट त्या राखीव भागातून भरून काढता येते, म्हणून मालकाला वाटतं बॅटरी नवीच आहे. त्यामुळे दोन कंपन्यांच्या गाड्यांचे टक्के शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही. शिवाय बॅटरी छोटी असेल तर तेवढ्याच किलोमीटरला चार्जिंगच्या फेऱ्या जास्त होतात.

सेकंडहँड घेणार असाल तर किलोमीटर नंतर बघा. आधी सेल कोणता, कूलिंग कसलं आणि गाडी उन्हाळ्यात उभी कुठे असायची, हे विचारा. वॉरंटी माझ्या गाडीला ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर आहे; पण क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर ती लागू होते, ते पुस्तिकेत स्वतः वाचा, सेल्समनच्या तोंडून नको.