पहिल्या ४५० हेलीसाठी रेडिओ: फ्लायस्काय, रेडिओमास्टर, स्पेक्ट्रम की फुटाबा?

भाचा ऐरोलीला राहतो, बारावी झाली आणि आता त्याला ४५० साइजची कलेक्टिव्ह पिच हेली (ब्लेडचा कोन बदलून वर-खाली जाणारं, रिमोटवरचं मॉडेल हेलिकॉप्टर) बांधायचीय, तर गेले दोन रविवार ठाण्याला आमच्याकडे येऊन एकच प्रश्न, मामा रेडिओ (म्हणजे हातातला रिमोट) कुठला घेऊ. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. हेली पडते, ब्लेड तुटतात, शाफ्ट वाकतो, पण रेडिओ वर्षानुवर्षं हातात राहतो, म्हणून इथे घाई नको.

आधी चॅनेल मोजा, म्हणजे रेडिओकडून हेलीला जाणाऱ्या वेगवेगळ्या आज्ञा. एलरॉन (डावी-उजवीकडे कलणं), एलिव्हेटर (पुढे-मागे), रडर (शेपूट), थ्रॉटल (मोटर), पिच (मुख्य ब्लेडचा कोन) आणि जायरोचा गेन (शेपूट सावरणारा सेन्सर किती जोर लावतो ते), झाले सहा. फ्लायबारलेस युनिटची (हेली स्थिर ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीची) बँक, म्हणजे सेटिंगचा संच, बदलायची असेल किंवा रेस्क्यू (एका स्विचवर हेली आपोआप सावरणं) हवा असेल तर सातवा-आठवा लागतोच.

फ्लायस्काय एफएस-आय६ सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळतो, चार पेन्सिल सेलवर चालतो. हेली मोड आहे, स्वॉशप्लेट (ब्लेडचा कोन बदलणारी तबकडी) मिक्स आहे, थ्रॉटल आणि पिचचे पाच पॉइंटचे कर्व्ह (स्टिक कुठे असताना किती द्यायचं त्याचा आलेख) आहेत, थ्रॉटल होल्ड (मोटर बंद ठेवणारा स्विच) आहे, म्हणजे ४५० उडते. पण सहाच्या सहा चॅनेल तिथेच संपतात. दुसरं म्हणजे स्टिकखाली साधे पॉट, कार्बनच्या पट्टीवर घासत फिरणारे. आपल्याकडची पावसाळ्यातली दमट हवा आणि मैदानावरची धूळ त्यांना सोसत नाही. माझा जुना रेडिओ (कंपनी वेगळी, नाव नको) एक पावसाळा कपाटात राहिला आणि बाहेर काढला तर मी हात न लावताच रडरचा सर्व्हो (शेपटीचा कोन हलवणारी छोटी मोटर) थरथरत होता. मोटर जोडायच्या आधी दिसलं म्हणून बरं, हवेत असती तर शेपूट कुठे गेली असती सांगता येत नाही. हॉल सेन्सरच्या गिंबलमध्ये (स्टिकच्या यंत्रणेत) लोहचुंबक असतं, घासत काहीच नाही, म्हणून मी आता त्याच्याशिवाय रेडिओ घ्या असं कुणाला सांगत नाही.

रेडिओमास्टरच्या टीएक्स१६एस आणि बॉक्सर दोन्हीत हॉल गिंबल येतात. टीएक्स१६एसला मोठा रंगीत स्क्रीन, बॉक्सरला साधा, हेलीला दोन्ही पुरतात. फोर-इन-वन मॉड्यूलचा घेतला तर आत चार वेगवेगळ्या आरएफ चिप असतात, त्यामुळे फ्लायस्कायचा रिसिव्हर, डीएसएमएक्सवाली (स्पेक्ट्रमची सिग्नल पद्धत) ब्लेड कंपनीची हेली, एस-एफएचएसएसवाली (फुटाबाची पद्धत) छोटी एक्सके के११०, सगळं एकाच रेडिओवर बाइंड होतं, म्हणजे जोडलं जातं. ऑर्डर करताना मात्र नीट बघा, ईएलआरएसवाला (एक्सप्रेसएलआरएस, ड्रोनवाल्यांची आवडती सिग्नल पद्धत) आणि फोर-इन-वनवाला बाहेरून सारखेच दिसतात.

आणि ईएलआरएस घेणार असाल तर हे आधी समजून घ्या. त्यात पाचवा चॅनेल आर्मिंगसाठी (मोटर सुरू व्हायची परवानगी देण्यासाठी) ठेवलेला असतो, तो फक्त चालू किंवा बंद एवढंच पाठवतो, आणि आपण हेलीवाले सवयीने तिथेच जायरोचा गेन लावतो, मग गेन कितीही फिरवा, मधली किंमत पोचतच नाही. नेहमीच्या मोडमध्ये पूर्ण बारकाई पहिल्या चार चॅनेललाच मिळते, म्हणून सहाव्यावर ठेवलेला पिच पायऱ्या पायऱ्यांनी हलतो. एकतर फुल रेझोल्यूशनचा आठ चॅनेलचा मोड लावा, नाहीतर कलेक्टिव्ह पहिल्या चारात आणा आणि थ्रॉटल मागे ढकला. लिंक उत्तम आहे, त्यात वाद नाही, पण ड्रोनवाल्याचं सेटिंग बघून हेली बांधू नका.

रेडिओमास्टरमधल्या एजटीएक्स सॉफ्टवेअरमध्ये तयार असं फार काही मिळत नाही, होल्डसुद्धा स्वतः लिहायचा. एक पूर्ण संध्याकाळ द्या, मुख्य ब्लेड काढून ठेवा, मोटरच्या वायर सोडवा आणि मगच स्विच तपासा.

स्पेक्ट्रममध्ये हा त्रास नाही. हेली निवडली की स्वॉशप्लेट, कर्व्ह, जायरो, गव्हर्नर (मोटरचा वेग कायम राखणारा), होल्ड सगळं मेनूत समोर येतं, आणि ब्लेडची तयार हेली घेतली तर बाइंड करून उडवता येते. फक्त पुढचे रिसिव्हरही डीएसएमएक्सचेच बघावे लागतात आणि ते आय६च्या रिसिव्हरइतके स्वस्त नसतात. फुटाबाच्या स्टिक हातात घेतल्या की सोडवत नाहीत, एसबसमुळे एकाच वायरवर सगळे चॅनेल फ्लायबारलेसला जातात, पण पहिल्या हेलीसाठी एवढा खर्च मला पटत नाही.

फ्रिक्वेन्सीचं म्हणाल तर २.४ गिगाहर्ट्झ आपल्याकडे २००५ पासून लायसन्समुक्त आहे. ९१५ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल घेऊ नका, तो पट्टा इथे मोकळा नाही. आणि नवी मुंबईचा विमानतळ आता जवळ आलाय, तर उलवे-पनवेल-खारघरकडच्यांनी उडवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा, कुठे उडवता येतं ते दाखवणारा नकाशा बघायचाच.

एक गोष्ट मात्र या सगळ्यावर मात करते. तुमच्या मैदानावर जो अनुभवी माणूस तुम्हाला शिकवणार आहे त्याच्याकडे स्पेक्ट्रम असेल तर तुम्हीही डोळे मिटून स्पेक्ट्रम घ्या, कारण कर्व्ह चुकला की तोच दोन मिनिटांत दुरुस्त करून देईल. मोडपण (कुठल्या स्टिकवर काय ते) त्याचाच, आपल्याकडे बहुतेक मोड २, म्हणजे थ्रॉटल डाव्या स्टिकवर.

भाच्याला शिकवणारा मीच, आणि माझ्याकडे टीएक्स१६एस, म्हणून त्याला बॉक्सर फोर-इन-वन सांगितला. थ्रॉटल स्टिकचे दाते स्क्रूने सैल करून घ्यायचे, त्याच स्टिकवरचा पिच गुळगुळीत चालला पाहिजे. रेडिओ आला की पहिला महिना फक्त सिम्युलेटर, तोपर्यंत हेली माझ्या कपाटात.