पहिले पुस्तक कोणाचे: एरिक कार्ल की लिओ लिओनी?

चित्रपुस्तकांत थोडेफार रमलेल्या पालकांना एरिक कार्ल आणि लिओ लिओनी ही लहान मुलांसाठी चित्रपुस्तके करणाऱ्या दोघांची नावे नवीन नाहीत, त्यामुळे दोघांची ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. प्रश्न एवढाच आहे की मूल तीनेक वर्षांचे आहे, पुस्तक इंग्रजी असले तरी रात्री वाचून दाखवायचे ते मराठीतच, आणि तूर्त एकच पुस्तक घ्यायचे आहे, तर या दोघांपैकी कोणाचे घ्यावे. माझ्या मुलीसाठी मी आधी लिओनी आणले आणि चार-पाच महिन्यांनी कार्ल. हा क्रम उलटा असता तर बरे झाले असते असे आता वाटते, मात्र त्याचे कारण चित्रांत नाही आणि खरे तर गोष्टीतही नाही.

दोघांची तुलना वावगी वाटू नये इतके त्यांच्यात साम्य आहे. दोघेही मुळात जाहिराती आणि मासिकांच्या मांडणीच्या व्यवसायातले, दोघेही कागद कापून-चिकटवून चित्रे करणारे, आणि आपल्या बहुतेक पुस्तकांचा मजकूर स्वतःच लिहिणारे. १९५२ मध्ये कार्ल जर्मनीहून अवघे ४० डॉलर घेऊन न्यूयॉर्कला परतले, तेव्हा ‘फॉर्च्यून’ मासिकाचे कलासंचालक असलेल्या लिओनींनीच त्यांना ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या नोकरीची वाट दाखवली होती. कागदाशी वागण्याची दोघांची रीत मात्र निराळी आहे. कार्ल पातळ टिश्यू कागद आधी ॲक्रिलिक रंगांनी स्वतः रंगवत आणि मग त्यातून आकार कापत, म्हणून त्यांच्या सफरचंदाच्या लाल रंगातही ब्रशचे फराटे दिसतात. लिओनींची पाने शांत असतात. त्यांत रिकामी जागा भरपूर सोडलेली असते आणि नजर तिथेच रेंगाळते.

तुलना सरळ व्हावी म्हणून दोघांचे एकेकच पुस्तक समोर ठेवतो, कारण योगायोगाने दोन्हींची नायिका, किंवा नायक, एक अळी आहे. लिओनींचे ‘इंच बाय इंच’ १९६० चे आणि कार्ल यांचे ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ १९६९ चे. पहिल्यातली अळी म्हणजे पाठीची कमान करत चालणारी, ज्यांचा शेतीशी संबंध आहे त्यांना चांगलीच ठाऊक असलेली उंटअळी. पक्षी तिला खायला येतो, तेव्हा आपण वस्तू मोजण्याच्या कामी येतो असे सांगून ती जीव वाचवते, आणि मग एकाची शेपूट, दुसऱ्याची मान, तिसऱ्याची चोच मोजत सुटते. शेवटी नाइटिंगेल येते आणि म्हणते, माझे गाणे मोज, नाहीतर तुला खाऊन टाकीन. गाणे चालू असताना अळी मोजत मोजत गवतातून पुढे सरकते, आणि दिसेनाशी होते. चित्र म्हणून भिंतीवर लावायचे झाले, तर मी विचार न करता यातले पान निवडेन. गवताच्या उंच पात्यांत ती पाचूसारखी हिरवी अळी शोधण्याचा खेळ आमच्याकडे कित्येक रात्री चालला, आणि तो कार्ल यांच्या पुस्तकात मिळणार नाही.

अडचण वाचण्याची होती. आपल्यापैकी बरेच जण इंग्रजी पुस्तक समोर धरून डोळ्यांनी इंग्रजी आणि तोंडाने मराठी असा उद्योग करतात. पहिल्या रात्री शेवटच्या पानावर मी “इंच इंच करत ती लांब गेली” असे म्हटले. दुसऱ्या रात्री मला ‘तसूतसूने’ हा शब्द सुचला (तसू म्हणजे जुन्या मापातला साधारण इंच), आणि स्वतःवरच खूश होऊन मी तो वापरला. मुलीने पानावर पालथा हात ठेवला आणि म्हणाली, “असं नाहीये.” मी विचारले, “मग कसं आहे?” “कालचं.” कालचे शब्द मला आठवत नव्हते, तिला मात्र आठवत होते. तिसऱ्या रात्री अंदाजाने ‘हळूहळू’ म्हणून पाहिले, तर पुस्तक मिटले गेले. मोजण्याची मधली पाने एकाच साच्यातली आहेत, तिथे काही अडत नाही. पण सुरुवातीचा संवाद आणि शेवटचा प्रसंग यांत वाक्ये अशी मोकळी आहेत की मराठी दर रात्री वेगळे होते, आणि तीन वर्षांच्या मुलाला नेमके तेच नको असते. लिओनींच्या ‘फ्रेडरिक’मध्ये तर हिवाळ्यासाठी ऊन, रंग आणि शब्द साठवणारा उंदीर अखेरीस यमके जुळवलेली कविताच म्हणतो, झोपेला आलेल्या बापाने ती रोज त्याच शब्दांत मराठीत म्हणावी ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

यावर मी एक उपाय केला. मराठी मजकूर कागदाच्या पट्ट्यांवर लिहून पानांवर चिकटवला. वाचण्याचा प्रश्न सुटला, पण गाण्याच्या पानावरची जी कोरी जागा चित्राचाच भाग आहे, तिथे माझे निळ्या शाईतले अक्षर येऊन बसले, आणि पट्टी काढताना कागदाचा पापुद्राही निघाला. ती चूक सर्वस्वी माझी होती.

कार्ल यांच्या सुरवंटाचे मराठी तीन रात्रींत बसले. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती, असे वार आणि आकडे चढत जातात, आणि शुक्रवारपर्यंत प्रत्येक वाराच्या शेवटी तेच वाक्य येते. मी ते “पण त्याचं पोट काही भरलं नाही” असे केले. चौथ्या दिवसापासून ते वाक्य माझ्याकडे राहिलेच नाही, मुलगी ते बळकावून बसली. पानांना पडलेल्या भोकांत बोट घालत ती पुढे जाते आणि बोट निघेपर्यंत मला पुढचा वार आठवायला वेळ मिळतो. ही भोके कार्ल यांना कागदाला भोके पाडण्याच्या यंत्राशी चाळा करताना सुचली होती, आणि आधी गोष्ट अळीची नव्हे तर पुस्तके खाणाऱ्या किड्याची होती. अळीची कल्पना त्यांच्या संपादिकेची.

मराठीत इथेही एक खोच आहेच. सुरवंट तो, कोश तो, आणि फुलपाखरू ते. शेवटच्या पानावर “ते किती सुंदर दिसत होतं” असे म्हणताच प्रश्न आला, “आणि तो कुठे गेला?” पहिल्यांदा मी गडबडलो, पण नंतर लक्षात आले की रूपांतराविषयी याहून चांगला प्रश्न मला सुचला नसता. (उंटअळी पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘ती’च राहते, एवढे लिओनींच्या बाजूने मांडायला हवे.) उलट एका ठिकाणी मराठीने सोय केली आहे. फुलपाखराच्या कोशाला कार्ल यांनी पतंगाच्या कोशाचा शब्द वापरला, अशी तक्रार इंग्रजी वाचक अधूनमधून करतात. आपल्याकडे दोन्हींना कोशच म्हणतात, त्यामुळे तो वाद उद्भवतच नाही.

मात्र कार्ल यांची सगळीच पुस्तके डोळे मिटून घ्यावीत असे मी म्हणणार नाही. त्यांना करामतींचा सोस होता आणि ती दर वेळी गोष्टीच्या कामी येतेच असे नाही. १९९० च्या रातकिड्याच्या पुस्तकात शेवटचे पान उघडले की किरकिर ऐकू येते. आमच्याकडे ते शोधून काढल्यावर आधीची पाने कोणी ऐकूनच घेतली नाहीत, आणि गप्प राहिलेल्या रातकिड्याला अखेर आवाज फुटतो ही सगळी गंमत वाया गेली. याउलट १९८४ च्या कोळ्याच्या पुस्तकात जाळ्याचे धागे कागदावर उंचावून छापलेले आहेत. प्राणी एकामागून एक येऊन काहीबाही विचारतात, कोळी कोणालाच उत्तर देत नाही, आणि दर पानावर जाळे बोटांना थोडे अधिक लागते. दिवा मंद करूनही हे पुस्तक वाचता येते. दुसरे पुस्तक म्हणून मी तेच सुचवेन.

तुमचे मूल पाच-सहा वर्षांचे असेल, किंवा घरात इंग्रजीतच वाचत असाल, तर माझी ही सारी कुरकुर तुम्हाला लागू पडणार नाही आणि तुम्ही खुशाल लिओनींपासून सुरुवात करावी. गाणे मोजता येत नाही हे कळण्यातली मजा त्या वयात अधिक येईल असा माझा अंदाज आहे. चित्रांकडे पाहत बसण्याचा नाद असलेल्या मुलालाही कदाचित तेच आवडेल. पण मूल लहान असेल आणि भाषांतर ऐन वेळी तोंडानेच करायचे असेल, तर माझे मत सुरवंटाकडे झुकते, आणि पुरेसे झुकते.

तरीही लिओनीच हवे असतील, तर पहिल्या रात्रीच्या आधी सगळे मराठी एका वेगळ्या कागदावर उतरवावे, तो पुस्तकावर न चिकटवता मागच्या वेष्टनाच्या आत सरकवून ठेवावा, आणि नंतर कितीही चांगला शब्द सुचला तरी त्यात हात घालू नये. आमच्या उंटअळीसाठी असा कागद आता तयार आहे. शेवटच्या ओळीत ‘तसूतसूने’ लिहायचा मोह झाला होता, पण ‘इंच इंच’च ठेवले आहे, कारण कालचे तेच होते.